गावातल्या लेकरांना फुटबॉलची राष्ट्रीय फायनल दाखवायची असेल तर

सगळ्यात आधी कोणती फायनल ते ठरवा. ड्युरँड कप १८८८ साली शिमल्यात सुरू झाला. त्यात आता मोठे क्लब आणि लष्कराचे संघ खेळतात, परदेशी खेळाडू असतात, खेळ फार वेगात होतो. संतोष ट्रॉफी १९४१ पासूनची आणि राज्याराज्यांची. मी सेलू तालुक्यातल्या शाळेत खेळ शिकवते. माझं मत असं, की पहिल्यांदाच दाखवत असाल तर संतोष ट्रॉफी दाखवा. महाराष्ट्र फायनलला नसला तरी राज्यांची नावं ऐकून लेकरं लगेच एक बाजू धरतात. रोबी हांसदा हा पूर्व बर्धमान जिल्ह्यातल्या खेड्यातला पोरगा. २०२४-२५ च्या स्पर्धेत त्याने १२ गोल केले. ३१ डिसेंबर २०२४ ला हैदराबादच्या गचिबावलीत केरळविरुद्धची फायनल शून्य-शून्य चालली होती, तेव्हा इंज्युरी टाईममध्ये, म्हणजे नव्वद मिनिटं संपल्यावर वाढवून दिलेल्या वेळात, त्यानेच गोल मारून बंगालला ३३ वं विजेतेपद मिळवून दिलं. कापूस वेचायला जाऊन शाळेत येणाऱ्या पोराला हे सांगा आणि त्याचा चेहरा बघा.

मुली असतील तर राजमाता जिजाबाई ट्रॉफीची तारीख लिहून ठेवा. महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेला आता हेच नाव आहे. ती सर्वाधिक वेळा मणिपूरने जिंकली आहे. सिंदखेडराजा इथून जालन्याच्या पलीकडे. जिजाऊंच्या नावाचा करंडक मणिपूरच्या मुली उचलतात हे आमच्या मुलींना कळलंच पाहिजे. मुलींच्या आयांनाही सामन्याला बोलवा. आई सोबत असली की रात्री उशिरापर्यंत थांबायची अडचण राहत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सरावाला पाठवताना तिला कारण विचारावं लागत नाही.

प्रत्यक्ष मैदानावर न्यायचा बेत फायनलच्या भरवशावर करू नका. जागा दर वर्षी बदलते: २०२३ मध्ये संतोष ट्रॉफीची फायनल थेट रियाधला झाली, २०२४ च्या मार्चमध्ये अरुणाचलच्या युपियात. हैदराबादला आली तर मात्र सोडू नका, सेलू-परभणी-नांदेडवरून सरळ गाडी आहे.

आता जागा आणि लाईट. पडदा म्हणून चादर बांधली तर वाऱ्याने हलते आणि बॉल दिसत नाही. शाळेची पांढरी भिंत ओल्या फडक्याने पुसून घ्या, तीच चांगली. प्रोजेक्टर अडीचशे-तीनशे वॅट खातो, लॅपटॉप साठेक, वर भजनी मंडळाचा स्पीकर. म्हणजे चारशेच्या आसपास. दीडशे एएचची इन्व्हर्टर बॅटरी पूर्ण भरलेली आणि नवी असेल तर तीनेक तास ओढते. सामन्याला मध्यंतर धरून दोन तास लागतात, पण जादा वेळेची तीस मिनिटं आणि पेनल्टी आल्या तर पावणेतीन होतात. बॅटरी जुनी असेल तर मंडपवाल्याकडे जनरेटर आधीच सांगून ठेवा. सामना सुरू झाल्यावर तो सापडत नाही.

नेटसाठी ज्याच्या फोनला गच्चीवर चांगली रेंज येते त्याचाच फोन घ्या आणि हॉटस्पॉटऐवजी केबलने लॅपटॉपला जोडा. व्हिडिओच्या सेटिंगमध्ये चित्राचा दर्जा ४८० वर ठेवा. थोडं पुसट दिसेल, पण अडकणार नाही, आणि गोलच्या वेळी गोल फिरणारं चक्र बघण्यापेक्षा ते कितीतरी बरं.

यापुढचं खरं काम. नुसतं बसवलं तर पोरं बॉलमागे डोळे पळवतात आणि अर्ध्या तासात कंटाळतात. म्हणून प्रत्येक जोडीला एक खेळाडू वाटून द्या: एकाला पाच नंबर, दुसऱ्याला दहा नंबर, दोघींना गोलकीपर. वहीत तीनच गोष्टी लिहायच्या. बॉल आपल्याजवळ येण्याआधी तो किती वेळा मान वळवून मागे बघतो? बॉल दुसऱ्याकडे असताना तो उभा राहतो, चालतो की पळतो? बॉल गेल्यावर तो पहिल्या तीन पावलांत काय करतो? आमच्या एका आठवीतल्या मुलीने मध्यंतराला येऊन सांगितलं, "बाई, ह्यो बॉल नसताना सारखा चालतच ऱ्हातो, मग एकदमच पळतो." हे तिला दिसलं तेव्हा मला फार आनंद झाला. मोकळी जागा कशी निघते, हे मी फळ्यावर बाण काढून सांगत होते आणि ते तिने स्वतः पकडलं होतं. टीव्हीवर कॅमेरा बॉलसोबत फिरतो, त्यामुळे आपला खेळाडू मधूनमधून चौकटीबाहेर जातो. तेवढा वेळ "दिसला नाही" असंच लिहायला लावा, अंदाज लिहू देऊ नका.

ऑफसाइड, म्हणजे पास निघताना समोरच्या गोलकडे नियमापेक्षा पुढे असणं, सामना चालू असताना समजावू नका. आदल्या दिवशी व्हरांड्यात खडे मांडून दाखवा. पास निघतो त्या क्षणी बघायचं, बॉल पोचतो तेव्हा नाही. आणि समोरच्या संघाचा शेवटून दुसरा खेळाडू कुठे आहे ते बघायचं. या दोन गोष्टी पक्क्या झाल्या की पंचाने झेंडा वर केल्यावर पोरं भांडत नाहीत.

पहिल्या अर्धात कॉमेंट्री बारीक करून मराठीत स्वतः बोला, दुसऱ्या अर्धात गप्प राहा. दोन गोलने मागे असलेला संघ बघून कुणी उठून चाललं, तर त्याला २०२४ ची ड्युरँड फायनल सांगा. कोलकात्यात मोहन बागान मध्यंतराला २-० पुढे होता. नॉर्थईस्ट युनायटेडने दुसऱ्या अर्धात तीन मिनिटांच्या अंतराने दोन गोल करून बरोबरी केली, मग निकालासाठीच्या पेनल्टींत गोलकीपर गुरमीत सिंगने पेनल्टी अडवल्या आणि क्लबने पहिला करंडक जिंकला.

वयस्कर मंडळी येतील, त्यांना पुढे खुर्च्या द्या. मराठवाडा हैदराबाद राज्यात होता त्या काळात हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाने १९५० ते १९५४ सलग पाच वेळा मुंबईतली रोव्हर्स कप ही फुटबॉल स्पर्धा जिंकली, आणि त्यांचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांनीच पुढे १९६२ ला भारताला आशियाई सुवर्ण मिळवून दिलं. कुणाला त्या दिवसांचं काही आठवत असेल तर मध्यंतराची पंधरा मिनिटं त्यांची.

दुसऱ्या दिवशी सकाळी वह्या घेऊन मैदानावर या. गोलची रुंदी ७.३२ मीटर, उंची २.४४, पेनल्टीची जागा ११ मीटरवर. टेप लावून पोरांकडूनच मोजून घ्या, चुन्याने आखा. प्रत्येकाने एक मारायची आणि एक अडवायची. बॉलला पाय लागेपर्यंत कीपरचा निदान एक पाय रेषेवर किंवा रेषेच्या मागे हवा, हे एका मुलीला पंच करून बघायला सांगा. मग वहीतला खेळाडू जिथे खेळत होता तिथे त्या जोडीला उभं करा आणि पाच-पाच जणांचा छोटा सामना लावा. बॉल येण्याआधी ज्याने मान वळवली, त्याचं नाव मोठ्याने घ्या.