रानतुरीची मिठाच्या पाण्यातली परीक्षा
वाळव्याकडं उसाला पाणी देऊन देऊन जमिनी क्षारपड झाल्यात, म्हणून मी रानतुरीला, तुरीच्या रानटी भावंडाला, फार जपते; घरच्या तुरीपेक्षा ती मीठ जास्त सोसते का, ते पाहायचं. माळावर गवतात चढणारा, लवदार शेंगांचा हा वेल. शेंगा वाळल्या की तडकण्याआधी काढा. निम्म्या वेलावरच राहू द्या.

बी टणक, पाणी आत शिरतच नाही. डोळ्याच्या (बी शेंगेला चिकटलेलं असतं त्या खुणेच्या) विरुद्ध बाजूनं पॉलिश पेपरवर घासा, साल उडून आतला फिकट भाग दिसला की थांबा. रात्रभर भिजवा, फुगलेलंच पेरा.

धुतलेल्या वाळूच्या कपांत शेजारी घरची तूरही लावा. पानं सुटली की निम्म्या कपांना साधं पाणी, निम्म्यांना मिठाचं: आधी लिटरला 1 ग्रॅम, मग हळूहळू 3. कपाला भोकं हवीतच, नाहीतर मीठ साठतं. खालच्या पानांच्या कडा कुणाच्या आधी करपतात, ते वहीत लिहा.