धूर की धूळ? उपग्रहाच्या चित्रात माग काढायचा असेल तर

भूगोल किंवा भौतिकशास्त्र घेतलेली नाशिकची मुलं हमखास विचारतात, "उपग्रहाच्या चित्रांतून धूर-धूळ ओळखायचं काम करायचं तर कोणतं सॉफ्टवेअर शिकू?" माझं उत्तर त्यांना फारसं आवडत नाही. आधी महिनाभर नासाचं 'वर्ल्डव्ह्यू' हे उपग्रहचित्रांचं संकेतस्थळ उघडून नुसतं बघा. फुकट आहे. मार्चमधली एखादी तारीख टाका, सुरगाणा-पेठ-हरसूल पट्ट्यावर या आणि 'व्हिअर्स' या उपग्रहावरच्या संवेदकाने टिपलेले आगीचे ठिपके लावा. डोंगरउतारावर लाल ठिपके उमटतील. कुठे वणवा, कुठे कुणी भाजलेला राब, म्हणजे पेरणीआधी पालापाचोळा जाळलेलं वावर.

पण ठिपक्यावर लगेच भिस्त ठेवू नका. एक ठिपका म्हणजे सुमारे ३७५ मीटर बाजूचा चौकोन, त्यात जळत असेल एखादंच वावर. व्हिअर्स वाहणारे उपग्रह आपल्यावरून दुपारी आणि रात्री दीडच्या आसपास जातात. सकाळी भाजलेला राब तोवर निवला, तर नोंदच नाही. उलट कारखान्याची भट्टी वर्षभर ठिपका देऊ शकते. वेळाही जागतिक प्रमाणवेळेत असतात. साडेपाच तास मिळवायचे राहिले की वारा आणि धूर यांचा मेळ बसत नाही.

खरी कसोटी आकाशात मळकट पट्टा दिसला की लागते. हा धूर, की थरच्या वाळवंटातली धूळ? रंगावर जाऊ नका. मी आधी सेंटिनेल-५पी या युरोपीय उपग्रहावरच्या, हवेतले वायू मोजणाऱ्या 'ट्रोपोमी' संवेदकाचा कार्बन मोनॉक्साइडचा नकाशा लावतो. जाळ झाला असेल तर हा वायू वाढलेला दिसतो, नुसत्या धुळीने तो वाढत नाही. मग अवरक्त चित्र, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णतेच्या लहरींचं. ११ मायक्रॉन लांबीच्या लहरींच्या पट्ट्यातल्या तापमानातून १२ मायक्रॉनचं वजा करा. दाट धूळ असेल तर उत्तर बहुधा ऋण येतं. धुराचे कण इतके बारीक, की या लहरींना ते जवळजवळ दिसतच नाहीत. आपल्या इनसॅट-३डीआर या हवामान उपग्रहावरही हे जमतं. तो भूस्थिर आहे, म्हणजे एकाच जागेवर टिकून दिसतो, आणि दर अर्ध्या तासाला चित्र देतो. अहमदाबादच्या 'मॉसडॅक' या इस्रोच्या संकेतस्थळावर नोंदणी केली की डेटा मिळतो. शेवटी हवेची वाट मागे शोधणाऱ्या 'हायस्प्लिट' या प्रणालीत नाशिक टाकून हवा दोन-तीन दिवसांपूर्वी कुठे होती ते काढा, ५०० आणि ३००० मीटर अशा दोन्ही उंचींवर. दोन्ही वाटा पुष्कळदा वेगवेगळ्या मुलखांतून आलेल्या निघतात.

उंचीचा हा घोळ नवशिक्यांना उशिरा कळतो. 'एओडी', म्हणजे हवेतले कण प्रकाश किती अडवतात ते सांगणारा आकडा, जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेचा असतो. तो वाढला म्हणून पंचवटीतली हवा बिघडली, असा अहवाल माझ्याकडे आला तर मी परत पाठवतो. जमिनीवरच्या केंद्राने मोजलेला पीएम २.५, म्हणजे हवेतल्या बारीक कणांचा आकडा, सोबत हवाच.

पायथन ही संगणकभाषा लागतेच, उपग्रहाचा डेटा ज्यात येतो ती नेटसीडीएफ फाइल उघडता आली पाहिजे. डेहराडूनच्या आयआयआरएस या इस्रोच्या दूरसंवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम चांगले आहेत. नोकरी मात्र 'धूर-तज्ज्ञ' अशा नावाने शोधू नका. संशोधन प्रकल्प, हवा-गुणवत्तेच्या सल्लागार संस्था, शेती-हवामानाच्या कंपन्या इथे हे काम दुसऱ्या नावांनी चालतं.

मुलाखतीला प्रमाणपत्रांपेक्षा स्वतः केलेलं एक काम न्या. २३ जानेवारी २०२२ घ्या. त्या दिवशी पाकिस्तानकडून अरबी समुद्रावरून आलेली धूळ मुंबईवर पसरली होती. कराचीपासून किनाऱ्यापर्यंत तिचा माग इनसॅटच्या चित्रांवर काढा, आणि जिथे ढग आडवे आले तिथे नकाशा कोराच ठेवा.