सेन्सर तीन, सदस्यत्वं वेगवेगळी: नियम आणि कॉन्फिग जुळवताना या चुका टाळा

नेटवर्कवरच्या हल्ल्यांवर नजर ठेवणाऱ्या एका सेन्सरवर अलर्ट येतो आणि तेच ट्रॅफिक पाहणारा दुसरा सेन्सर गप्प बसतो. का, असं विचारलं की पहिलं उत्तर ठरलेलं: "तो रजिस्टर्डवर आहे ना, त्याला नियम उशिरा मिळतात." कधी कधी ते खरंही असतं. पण त्या उत्तरावर तपास थांबतो, आणि खरी चूक आपल्याच फाइलींत महिनोन् महिने पडून राहते.

म्हणून आधी सदस्यत्वाच्या श्रेणींमुळे नेमका किती फरक पडतो ते पाहू. स्नॉर्ट हे ट्रॅफिकमधले हल्ले ओळखणारं इंजिन; काय शोधायचं ते त्याला नियम सांगतात. त्याचे अधिकृत नियम सिस्कोची टॅलोस ही टीम काढते. पैसे भरणाऱ्या सब्स्क्रायबरला नवा नियम निघाला की लगेच मिळतो. नुसती नोंदणी केलेल्या रजिस्टर्ड वापरकर्त्याला तोच नियम ३० दिवसांनी मिळतो. कम्युनिटी संच जीपीएल परवान्याखाली सगळ्यांना खुला आहे. श्रेणीमुळे पडणारा फरक इथे संपतो. होम नेट (आपलं आतलं नेटवर्क) कोणतं, प्रीप्रोसेसर (नियमांआधी ट्रॅफिक तयार करणारे भाग) कोणते चालू, कुठला नियम बंद केला, कुठला अलर्ट दाबला, हे सगळं आपण ठरवतो. ते तिन्ही सेन्सरांवर सारखं नसेल तर त्याला श्रेणी जबाबदार नाही.

टॅरबॉलमधली कॉन्फिग फाइल जशीच्या तशी वर टाकणं

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक हीच. स्नॉर्ट २ च्या नियमांच्या टॅरबॉलमध्ये (अनेक फाइलींच्या एका गठ्ठ्यात) 'ईटीसी' नावाची डिरेक्टरी असते. तिच्यात स्नॉर्ट डॉट कॉन्फ, क्लासिफिकेशन डॉट कॉन्फिग, रेफरन्स डॉट कॉन्फिग अशा फाइली येतात. घाईत असलेला माणूस सगळा टॅरबॉल चालू सेटअपवर उलगडतो आणि त्याने बसवलेलं होम नेट परत 'एनी' (कुठलाही पत्ता) होऊन बसतं. एक्स्टर्नल नेटही (बाहेरचं नेटवर्क) मुळात 'एनी'च असतं. मग बाहेरून आत येणाऱ्या हल्ल्यासाठी लिहिलेला नियम आतल्या आत चाललेल्या ट्रॅफिकवरही वाजायला लागतो, आणि लोक दोष नियमाला देतात.

या अनुभवाने पोळलेले लोक नेमकं उलटं करतात: कॉन्फिगला हातच लावायचा नाही. मग काय होतं? 'फाइल डेटा पोर्ट्स' या व्हेरिएबलचं उदाहरण घ्या. ते नियमांत वापरात आलं तेव्हा जुन्या कॉन्फिगमध्ये त्याची व्याख्याच नव्हती. नवे नियम उतरवले आणि स्नॉर्ट 'अनडिफाइन्ड व्हेरिएबल' म्हणून सुरूच होईना. दुरुस्ती एका ओळीची होती: एचटीटीपी पोर्ट्सची यादी, तिला जोडून ११० आणि १४३ हे पोर्ट. पण ही ओळ सब्स्क्रायबर सेन्सरला आज लागते आणि रजिस्टर्डला महिन्याने. आज एकाने एका ठिकाणी ती हाताने घातली आणि कुठे लिहून ठेवली नाही, तर महिन्याने दुसऱ्या कुणाला तीच अडचण पहिल्यापासून सोडवावी लागते. क्लासिफिकेशन डॉट कॉन्फिगचंही असंच. नियमात नवा क्लासटाइप (हल्ल्याचा प्रकार) आला, पण फाइल जुनीच राहिली, की 'अननोन क्लासटाइप' आलाच.

उपाय फाइली वेगळ्या करण्याचा आहे. मूळ कॉन्फिग सगळ्या सेन्सरांवर एकच ठेवा, आणि ती सर्वात आधी नियम मिळणाऱ्या सेन्सरच्या टॅरबॉलमधून घ्या. व्हेरिएबल किंवा क्लासटाइप नियमाच्या आधी हजर असला तर काही बिघडत नाही, उशिरा आला तर इंजिन अडतं. होम नेट, इंटरफेस, पाथ अशा त्या-त्या जागेच्या गोष्टी वेगळ्या छोट्या फाइलीत ठेवून ती इन्क्लूड करा. कुठले नियम लोड करायचे याची यादी तिसरीकडे. श्रेणीनुसार बदलायला हवी ती फक्त ही तिसरी फाइल. स्नॉर्ट ३ मध्ये कॉन्फिग लुआ भाषेत असते आणि स्नॉर्टसारख्याच सुरिकाटा या इंजिनची यामल फाइलीत, पण इन्क्लूडची सोय दोन्हींत आहे.

श्रेणी पाहिली, आवृत्ती पाहिली नाही

कॉन्फिग एकच ठेवायची तर इंजिनही एकाच आवृत्तीचं हवं. टॅरबॉलच्या नावातले आकडे आवृत्तीचेच असतात: २९१५१ म्हणजे २.९.१५.१. त्यावरून श्रेणी कळत नाही, हेही लक्षात ठेवा. शेअर्ड ऑब्जेक्ट नियम तर ठरावीक आवृत्ती आणि ठरावीक सिस्टिमसाठी कंपाइल केलेले असतात, ते दुसरीकडे उचलून ठेवता येत नाहीत. त्यांचा जनरेटर आयडी (अलर्ट इंजिनच्या कुठल्या भागाने दिला तो आकडा) ३ असतो, साध्या मजकुरी नियमांचा १. अलर्ट दाबणाऱ्या सप्रेसच्या ओळीत सवयीने १ लिहिला की असला अलर्ट दाबला जात नाही, आणि माणूस तासभर आयडीचे आकडेच तपासत बसतो.

न ओळखीचा कीवर्ड आला की स्नॉर्ट २ थांबतं, त्यामुळे चूक लगेच दिसते. सुरिकाटा साधारणपणे तेवढा नियम वगळून पुढे चालू राहतं. म्हणून सुरू होताना लॉगमध्ये किती नियम लोड झाले आणि किती फसले, ते दोन्ही आकडे प्रत्येक सेन्सरवरून रोज गोळा करा. फसलेल्यांचा आकडा शून्याच्या वर गेला की त्याच दिवशी बघा.

सब्स्क्रिप्शन घेतलं, तरी कम्युनिटी संच तसाच

कम्युनिटी संचातले नियम सब्स्क्रायबर संचात असतातच. वरची श्रेणी घेतल्यावर जुनी कम्युनिटी फाइल यादीतून काढली नाही, तर एकाच आयडीचा नियम दोनदा येतो आणि लॉग डुप्लिकेटच्या इशाऱ्यांनी भरतो. त्या गर्दीत कामाचा इशारा हरवतो. फाइल काढून टाका, विषय संपला.

तीस दिवसांचं अंतर यादीत न धरणं

यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण इथे लोक मनापासून काम करूनही फसतात.

समजा, एका नियमाने खोटे अलर्ट द्यायला सुरुवात केली. तुम्ही तो सगळ्या सेन्सरांसाठीच्या डिसेबल यादीत टाकला. आठ दिवसांनी टॅलोसने तो सुधारला, रिव्हिजन (सुधारणा क्रमांक) एकने वाढली. सब्स्क्रायबर सेन्सरवर तो नियम आता चांगला आहे, तरीही बंदच आहे. रजिस्टर्डवर अजून जुनीच रिव्हिजन आहे, तिथे तो बंदच हवा. यादीतली ओळ कधी काढायची? बहुतेक ठिकाणी ती कधीच निघत नाही. मी प्रत्येक ओळीसमोर टिप्पणीत तीन गोष्टी लिहितो: तारीख, कोणत्या रिव्हिजनवर बंद केला आणि का. सुधारित रिव्हिजन दिसली की सब्स्क्रायबरवर तो लगेच चालू करून बघायचा आणि रजिस्टर्डसाठी ३० दिवसांपुढची तारीख टाकायची.

पुल्डपोर्क या नियम उतरवणाऱ्या साधनाच्या मॉडिफाय यादीने नियमाचा मजकूर बदलत असाल तर जास्तच जपा. ती रेजेक्सवर (मजकुराच्या नमुन्यावर) चालते. दोन श्रेणींवर त्याच आयडीच्या दोन रिव्हिजन असतील, तर बदल एकीकडे बसतो आणि दुसरीकडे गुपचूप बसत नाही. नुसता अलर्ट दाबायचा असेल तर सप्रेस बरा. तो आयडीवर चालतो, मजकुरावर नाही.

आता तुलना. आजचा सब्स्क्रायबर संच आणि आजचा रजिस्टर्ड संच समोरासमोर ठेवून डिफ (फरकांची यादी) काढला की शेकडो ओळी येतात आणि त्यातून काहीच कळत नाही. त्याऐवजी सब्स्क्रायबर सेन्सरवर उतरवलेला प्रत्येक टॅरबॉल तारीख घालून निदान ४५ दिवस ठेवा, आणि आजचा रजिस्टर्ड संच ३० दिवसांपूर्वीच्या सब्स्क्रायबर संचाशी ताडून पाहा. दोन्हींत आयडी, रिव्हिजन आणि चालू-बंद स्थिती एवढंच काढून क्रमाने लावा. उशिराचा परिणाम बहुतेक निघून जातो. जे उरतं ते बरंचसं आपणच केलेलं असतं, आणि ते दहा-वीस ओळींत मावतं. ही तुलना सब्स्क्रायबर सेन्सरवरच करा. सब्स्क्रिप्शन दर सेन्सरमागे वेगळं असतं. सारखेपणा हवा म्हणून ते नियम दुसऱ्या सेन्सरवर कॉपी केले तर परवान्याचा भंग होतो.

अलर्ट न देणारा नियम निरुपयोगी समजणं

सुरुवातीला सांगितलेला गप्प सेन्सर माझ्याच देखरेखीखालचा होता. आम्ही ३० दिवस वाट पाहिली. नियम आला, रिव्हिजनही जुळली, तरी सेन्सर गप्पच. शेवटी नियमच वाचायला घेतला. त्यात फ्लोबिट्सची 'इझसेट' अट होती. म्हणजे त्याच जोडणीत आधी दुसऱ्या एका नियमाने खूण केलेली असेल तरच हा वाजणार. खूण करणाऱ्या नियमात 'नोअलर्ट' लिहिलेलं, त्यामुळे तो स्वतः कधीच अलर्ट देत नाही. त्या सेन्सरवर नियम हाताने निवडले जात. कुणीतरी वर्षभर एकही अलर्ट न दिलेले नियम शोधून त्यांच्यापुढे कॉमेंटचं चिन्ह टाकून ते बंद केले होते. खूण करणारा नियम त्यांतच गेला. महिनाभर आम्ही श्रेणीला दोष देत होतो, त्या काळात तिथून काय निसटलं असेल याचा विचार अजूनही मला अस्वस्थ करतो.

पुल्डपोर्क आणि सुरिकाटाचं तसंच साधन सुरिकाटा-अपडेट, दोन्ही फ्लोबिट्सची साखळी स्वतः पाहतात आणि लागणारे नियम चालू ठेवतात. म्हणून चालू-बंद नेहमी त्यांच्या यादीतून करा, उतरलेल्या नियम फाइलीत हाताने कधीच नको. पुल्डपोर्कमध्ये डिसेबल, ड्रॉप (ट्रॅफिक अडवणं), एनेबल यांचा क्रमही ठरवता येतो. तो प्रत्येक सेन्सरवर एकच असू द्या, नाहीतर सारख्याच याद्यांतून वेगळे निकाल निघतात. टॅलोसच्या तयार धोरणाचंही तेच: 'कनेक्टिव्हिटी', 'बॅलन्स्ड' की 'सिक्युरिटी' यावर एकाच फाइलीतला तोच नियम चालू की बंद हे ठरतं.

बारीकसारीक, पण नडणारं

स्वतःचे नियम दहा लाखांपासूनच्या आयडीवर लिहा आणि वीस लाखांच्या आत थांबा, पुढे इमर्जिंग थ्रेट्स या दुसऱ्या संचाचे नियम येतात.

एसआयडी-मॅप फाइल (आयडीला नाव जोडणारी) नियमांबरोबरच बदला. ती जुनी राहिली की स्नॉर्टचे अलर्ट वाचून पुढे पाठवणाऱ्या बार्नयार्ड २ च्या अलर्टमध्ये नावाऐवजी 'स्नॉर्ट अलर्ट' आणि पुढे नुसते आकडे दिसतात. एकाच घटनेची दोन सेन्सरांवर दोन नावं झाली की ती एकच आहे हे रात्रपाळीच्या माणसाच्या लक्षात येत नाही.

सगळ्या कॉन्फिग गिटमध्ये ठेवा, पण पुल्डपोर्कच्या कॉन्फिगमधला ओइंककोड (नियम उतरवण्याची किल्ली) आधी काढून वेगळ्या फाइलीत न्या. तुमचं सदस्यत्व त्या कोडलाच जोडलेलं असतं.

आणि बदल केल्यावर '-टी' पर्यायाने कॉन्फिग तपासून मगच रीलोड करा. ही सोय स्नॉर्ट आणि सुरिकाटा दोन्हींत आहे. फाइल बदलली म्हणजे इंजिनने ती वाचली असं होत नाही. चालू सुरिकाटाला यूएसआर२ सिग्नल द्यावा लागतो, किंवा सुरिकाटा-एससी या आज्ञा देण्याच्या साधनातून रूल-रीलोडची आज्ञा. रीलोडनंतर लोड झालेल्या नियमांचा नवा आकडा लॉगमध्ये आला का, तेवढं पाहूनच टर्मिनल बंद करा.