अनवाणी पाय आणि पोटातले जंत

जंत फक्त माती खाल्ल्यानेच होतात असं नाही. अंकुशकृमी या जंताची अळी ओल्या मातीतून अनवाणी तळपायाच्या कातडीत शिरते आणि पुढे आतड्याला चिकटून रक्त पिते. म्हणून पावसाळ्यात कापसाच्या, सोयाबीनच्या रानात लेकरांच्याही पायात चप्पल हवीच.

पोरगं लवकर दमतंय, माती खातंय? खालची पापणी हलकेच ओढून बघा. आत लालीऐवजी पांढरट दिसलं तर हिमोग्लोबिन तपासा. नुसतं टॉनिक पाजत बसू नका, पोटात जंत असतील तर रक्त आतून जातच राहतं.

१ ते १९ वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत, शाळेत जंतनाशक दिनी अल्बेंडाझोल हे जंताचं औषध फुकट मिळतं. ३ वर्षांपुढे ४०० मिलिग्रॅमची एक गोळी चावून, २ ते ३ वर्षांच्या पोराला तीच चुरून पाण्यातून, १ ते २ वर्षांच्या लहानग्याला अर्धी, चुरून पाण्यातून. त्या दिवशी ताप असेल तर थांबा, बरं झाल्यावर द्या.