नरसंहाराच्या सीडी-डीव्हीडी तपासायला बसण्याआधी

कॉलेजच्या ग्रंथालयातलं कपाट उघडण्याआधी दाखल नोंदवहीची (आलेली प्रत्येक वस्तू जिच्यात क्रमाने नोंदतात तिची) झेरॉक्स हाताशी घ्या. कॉम्प्युटरवरची यादी सोयीची खरी, पण पुस्तकासोबत आलेली सीडी तिच्यात पुस्तकाच्याच नोंदीत दडून बसते, आणि विभागाने परस्पर मागवलेली डीव्हीडी कुठेच नसते. म्हणून इतिहास, राज्यशास्त्र आणि पत्रकारिता विभागांच्या कपाटांच्या किल्ल्याही मागून ठेवा. ड्युई या ग्रंथवर्गीकरण पद्धतीत नरसंहाराला 304.663 हा क्रमांक आहे, पण त्यावर विसंबू नका. होलोकॉस्टवरचं, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहारावरचं, बरंचसं 940.5318 खाली जातं, बाकीचं देशोदेशीच्या इतिहासात विखुरतं.

मुहूर्त पावसाळ्यातला नको. दिवाळीनंतर नाशिकची हवा कोरडी झाली की बसा. व्हीएचएस कॅसेटच्या खिडकीतून फितीच्या कडेला पांढुरकी बुरशी दिसली तर ती प्लेअरमध्ये घालू नका, हेडवरून ती पुढच्या कॅसेटला लागते. नव्या लॅपटॉपला डीव्हीडी ड्राइव्ह नसतो, तेव्हा एम. जी. रोडवरून यूएसबीचा आणून ठेवा. आणि अमेरिकेतून आलेली डिस्क चालली नाही म्हणून लगेच निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदीतून काढून टाकायच्या, ढिगात टाकू नका: डीव्हीडी ठरावीक देशांच्या गटासाठी (रीजन) बनते, ती बहुधा रीजन 1 ची असते, आपला रीजन 5.

तपासणीच्या वहीत नाव, साल, मिनिटं हे रकाने सगळेच आखतात. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा रकाना वेगळा: कॅमेरा कुणाच्या हातात होता? मे 1942 मध्ये पोलंडमधल्या वॉर्सा घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, नाझींच्या प्रचारपथकाने चित्रण केलं. त्यातले कितीतरी प्रसंग माणसांना जबरदस्तीने उभं करून घडवलेले होते, तरी पुढच्या माहितीपटांत तीच दृश्यं सरळ वास्तव म्हणून येत राहिली. कंबोडियातल्या तुओल स्लेंग तुरुंगातल्या कैद्यांचे फोटो तुरुंग चालवणाऱ्या ख्मेर रूज या कम्युनिस्ट राजवटीच्याच लोकांनी काढलेले. याउलट फ्रेंच दिग्दर्शक क्लोद लान्झमानच्या होलोकॉस्टवरच्या ‘शोआ’ माहितीपटात (1985) नऊ तासांहून अधिक वेळ जुनं चित्रण नाहीच, साक्षीदार बोलतात आणि त्या जागा दिसतात. हे सगळं वर्गात दाखवावं, पण प्रत्येकासमोर शेरा निराळा पडला पाहिजे. रवांडासाठी आवाजही शोधा. 1994 मध्ये तिथल्या आरटीएलएम रेडिओने अल्पसंख्य तुत्सी समाजाविरुद्ध उघड चिथावणी दिली होती. तिचं ध्वनिमुद्रण असेल तर सोबत टिपण असल्याशिवाय ते विद्यार्थ्याच्या हाती देऊ नका.

मग पोकळ्या. आपल्याकडे होलोकॉस्टचं पारडं जड असतं, ऑटोमन साम्राज्यातला आर्मेनियन लोकांचा संहार (1915) कधीतरी भेटतो, आणि जर्मनांच्या ताब्यातल्या नैऋत्य आफ्रिकेतले हेरेरो-नामा या जमातींचे बळी (1904-08) जवळपास नाहीतच. मला जास्त खटकतं ते 1971 च्या पूर्व पाकिस्तानचं (आजच्या बांगलादेशाचं) नसणं. निर्वासितांचे लोंढे आपल्याच देशात आले होते की! तिथल्याच जहीर रायहानचा ‘स्टॉप जेनोसाइड’ हा माहितीपट त्याच सालचा, वीसेक मिनिटांचा, एका तासिकेत चर्चेसकट मावतो. नसेल तर खरेदीच्या यादीत अगदी वर लिहा. काय ठेवायचं यावर समितीत वाद होईलच, तेव्हा संयुक्त राष्ट्रांच्या 9 डिसेंबर 1948 च्या नरसंहारविरोधी करारातली नरसंहाराची व्याख्या छापून न्या. तिच्यात राष्ट्रीय, वांशिक (एथनिक), वंशीय (रेशियल) आणि धार्मिक गट येतात, राजकीय गट येत नाहीत. इंडोनेशियातली 1965-66 ची कम्युनिस्टांची कत्तल एवढ्या कारणाने बाहेर काढायची नाही. शेरा लिहून ठेवायची.

सबटायटल सुरू करून पाहा. सुरगाणा-कळवणहून आलेल्या मुलांना भरभर पळणारं इंग्रजी वाचायला लावण्यापेक्षा दोन पानांचं मराठी टिपण डिस्कच्या डबीत घातलेलं बरं. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातलं कलम 52 कॉलेजच्या विद्यार्थी-प्राध्यापकांपुरत्या खेळाला मोकळीक देतं. गावाला आमंत्रण द्यायचं असेल तर हक्कधारकाची परवानगी आधी घ्या. आणि साक्षींच्या डिस्क एकाच सहायकाच्या गळ्यात मारू नका. दोघांत वाटा, रोज तास-दोन तासच ऐका, मध्ये नोंदवही ताडण्याचं रुक्ष काम ठेवा.