मोठा डिजिटल मिक्सर घेताय? मग या चुका टाळा

"किती चॅनलचा आहे?" मोठ्या डिजिटल मिक्सरबद्दल विचारणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न हाच विचारतो आणि बऱ्याचदा शेवटचाही हाच. ३२ म्हटलं की चेहरा खुलतो, ४८ म्हटलं की लगेच ऑर्डर. मला याचा आता खरंच वैताग आलाय, कारण असा मिक्सर चॅनलला कधीच कमी पडत नाही, तो कमी पडतो बसला (अनेक चॅनल एकत्र मिसळून बाहेर नेणारी आतली वाट) आणि आउटपुटला, आणि ते कळतं थेट साऊंडचेकला, म्हणजे शोआधीच्या आवाजाच्या चाचणीत.

आधी चॅनलचंच बघू. चॅनल, म्हणजे मिक्सरच्या आत एका आवाजावर काम होण्याची जागा, वेगळा आणि मागचं माईकचं सॉकेट वेगळं. अॅलन अँड हीथचा एसक्यू-५ घ्या, ४८ चॅनल प्रोसेस करतो पण मागे माईकप्री (माईकचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) फक्त १६, बाकीचे हवे असतील तर स्टेजबॉक्स, म्हणजे स्टेजवर ठेवायचा सॉकेटचा डबा, घ्यायचा. फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या दांड्या) त्याहून वेगळे, समोर १६ आणि एक मास्टर, बाकी सगळं लेअर बदलून, म्हणजे त्याच फेडरवर दुसरे चॅनल आणून. यात फसवणूक काही नाही, सगळं स्पेक शीटवर छापलेलं असतं, पण लोक पहिली ओळ वाचून थांबतात.

आता कागद घ्या आणि बाहेर काय काय जाणार ते लिहा. समजा पाच जणांचा बँड आहे: ड्रमला ८ माईक, बेस १, गिटार २, कीबोर्ड स्टिरिओ म्हणजे २, गायक ४, ट्रॅक प्लेबॅक २, झाले १९ इनपुट. ३२ चॅनलमध्ये आरामात बसले. पण पाचही जणांना इन-इअर (स्वतःला ऐकायचे कानातले स्पीकर) स्टिरिओ हवेत. बेरिंजर एक्स३२ मध्ये मिक्स बस १६, त्यातल्या चार साधारणपणे इफेक्टला जातात, राहिल्या १२. एक्स३२ वर स्टिरिओ मिक्स म्हणजे दोन बस जोडायच्या, म्हणजे इन-इअरमध्येच १० गेल्या. राहिलेल्या दोनात ड्रमचा स्टिरिओ ग्रुप केलात की संपलं, आणि मग कीबोर्डवाला म्हणतो दादा मला बाजूला एक वेज (जमिनीवरचा तिरका स्पीकर) पण द्या. साइड फिल (स्टेजच्या बाजूचे स्पीकर), रेकॉर्डिंग वगैरे सहा मॅट्रिक्सवरून (तयार मिक्स पुन्हा मिसळून बाहेर काढायच्या वाटा) काढता येतं, पण त्या माणसाला त्याचा स्वतःचा मिक्स कुठून देणार? याउलट एसक्यूमध्ये १२ मिक्स आहेत आणि प्रत्येक स्टिरिओ करता येतो, तिथे हेच पाच इन-इअर पाचच मिक्समध्ये बसतात. म्हणून मी कुणी सल्ला विचारला की आधी स्टेजवर किती जण ऐकणार आणि कशावर, एवढंच विचारतो. हा कागद न करता दुकानात जाणाऱ्यांना मी सरळ परत पाठवतो.

दुसरी चूक म्हणजे स्टेजबॉक्सची केबल, आणि ही तर माझी कायमची दुखरी नस आहे. डिजिटल स्टेजबॉक्सला जाड कोअर (सगळ्या माईकच्या तारांची एकत्र केबल) लागत नाही, एक नेटवर्कसारखी केबल पुरते, तर लोकांना वाटतं कुठलीही नेटवर्क केबल चालेल. बेरिंजर आणि मिडासचे हे मिक्सर एईएस५० (केबलवरून डिजिटल आवाज पाठवायची पद्धत) वापरतात, एका पोर्टवरून दोन्ही दिशांना ४८-४८ चॅनल जातात, आणि त्याला शील्डेड (तारांभोवती धातूचं आवरण असलेली) कॅट५ई नेटवर्क केबल, दोन्ही टोकांना मेटल शेलचा कनेक्टर आणि शील्ड त्या शेलला जोडलेली, असंच लागतं. लांबी ८० मीटरपर्यंत.

एका उघड्यावरच्या कार्यक्रमात मी मॉनिटरला, म्हणजे स्टेजवरच्यांना ऐकू जाणाऱ्या आवाजाला, मदतीला होतो. कोरडी थंड हवा, स्टेजभर सिंथेटिक कार्पेट. पहिल्या गाण्यापासून मधेच सगळा आवाज क्षणभर गायब, मग परत. टीमने आधी गायकाचा माईक बदलला, मग वायरलेसची फ्रिक्वेन्सी बदलली, मग मिक्सरच खराब म्हणून दोन गाण्यांच्या मधे रीस्टार्ट केला, तोवर पब्लिकमध्ये शिट्ट्या सुरू. मी जरा वेळ नुसता स्टेजकडे बघत उभा राहिलो तेव्हा दिसलं की कुणीतरी कार्पेटवरून चालत येऊन स्टेजबॉक्सजवळच्या लोखंडी स्टँडला हात लावला की तेव्हाच आवाज तुटतोय. स्टॅटिक, म्हणजे अंगावर साठलेली वीज. वाकून बघितलं तर स्टेजबॉक्सला प्लॅस्टिक कनेक्टरची साधी अनशील्डेड केबल, ऑफिसमधले कॉम्प्युटर जोडतात ना तीच. हिरवा दिवा लागत होता म्हणून कुणाला शंका आली नाही. मध्यंतरात माझ्या गाडीतली शील्डेड केबल टाकली, पुढचा अख्खा भाग एकदाही तुटला नाही.

तेव्हा मिक्सरच्या बजेटमध्येच चांगली केबल धरा, आणि एक नाही दोन. मी दोन्ही केबल शेजारी शेजारी ओढून ठेवतो, दुसरी लावलेली नसते पण जागेवर असते. मधे जोड देऊन लांबी वाढवायची नाही. आणि एका कंपनीचा स्टेजबॉक्स दुसऱ्या कंपनीच्या मिक्सरला लागेलच असं नाही, प्लग बसला म्हणजे प्रोटोकॉल (आवाज पाठवायची पद्धत) जुळलाच असं नाही.

घरासाठी घेणाऱ्यांना: दोन माईक आणि एक गिटार रेकॉर्ड करायची असेल तर एवढा मिक्सर घेऊ नका, चांगला ऑडिओ इंटरफेस (माईक आणि गिटार कॉम्प्युटरला जोडणारा डबा) घ्या. पूर्ण बँड एकत्र रेकॉर्ड करणार असाल तर मात्र मजा आहे, एक्स३२ सोबत येणाऱ्या यूएसबी कार्डावरून ३२ ट्रॅक सरळ कॉम्प्युटरवर जातात. फक्त दोन गोष्टी. एक, फॅनचा आवाज, त्याच खोलीत हळू आवाजाचं गाणं रेकॉर्ड करणार असाल तर आधी मिक्सर चालू करून शेजारी बसून ऐका. दोन, गाणाऱ्याला मॉनिटर मिक्सरवरूनच द्या, कॉम्प्युटरमधून फिरवून नको, ४८ किलोहर्ट्झला २५६ चा बफर (कॉम्प्युटर एका वेळी साठवून घेतो ते आवाजाचे नमुने) म्हणजे एका दिशेला ५ मिलिसेकंदापेक्षा जास्त आणि जाऊन येऊन त्याच्या दुप्पट, गायकाला ते लगेच खटकतं. एक्स३२ चं वजनही २० किलोच्या वर आहे, टेबल बघून घ्या.

९६ किलोहर्ट्झ सॅम्पल रेटवरून (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात) भांडू नका. माईक चुकीच्या जागी असेल तर कुठलाही सॅम्पल रेट वाचवत नाही.

शोच्या दिवशी फर्मवेअर (मिक्सरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट? कधीच नाही.

टॅब्लेटवरून मिक्स करणार असाल तर राउटर स्वतःचा आणि ५ गिगाहर्ट्झचा, पब्लिक भरलं की २.४ वर शेकडो मोबाईल येतात. आणि फक्त टॅब्लेटवर अवलंबून राहू नका, मिक्सरजवळ एक माणूस हवाच.

सीन (सेव्ह केलेली सगळी सेटिंग) रिकॉल करताना माईकप्रीचा गेनही बदलू शकतो, म्हणून सेफ (रिकॉलने ती सेटिंग बदलू नये असं कुलूप) लावायला शिका, चालू गाण्यात रिकॉल दाबून गेन उडवणारे बघितलेत. शो पेनड्राइव्हवर सेव्ह करून तो पेनड्राइव्ह खिशात.

घ्यायच्या आधी एक्स३२ एडिट किंवा यामाहाचं टीएफ एडिटर फुकट उतरवून घ्या, मिक्सर नसतानाही चालतं. आवाज येणार नाही, पण रूटिंग (कुठला आवाज कुठे पाठवायचा) कसं करायचं ते निवांत कळतं. दोन संध्याकाळ बसून हे न करता थेट शोला बटणं शोधणाऱ्यांची मला चीड येते, कारण त्यांच्या घाईचा त्रास स्टेजवरच्या लोकांना होतो.

सेकंडहँड घेताय तर हेडफोन आणि एक माईक घेऊन जा. तोच माईक प्रत्येक इनपुटला लावून ऐका, फँटम (मिक्सरने माईकला पुरवलेली वीज) चालू करून पण. मग दोन वेगळे सीन सेव्ह करा, एकात सगळे फेडर खाली, एकात वर, आणि दोघांमध्ये दहा-वीस वेळा रिकॉल मारा. मोटर थकलेला फेडर मधेच अडकतो किंवा उशिरा पोचतो, लगेच दिसतं. फेडर बदलता येतो पण त्यासाठी मिक्सर उघडावा लागतो, त्यामुळे असे दोन-तीन निघाले तर तो खर्च भावातून कमी करून घ्या.