पक्ष्यांच्या शंकास्पद नोंदी कशा तपासायच्या

मसाई पठारावरून कुणी साइक्सचा चंडोल कळवतं. दाजीपूरच्या रानातून एखादा आवाज येतो. रंकाळ्यावरच्या यादीत एका बदकापुढे ७००० हा आकडा पडतो. ई-बर्डवर, म्हणजे पक्षी पाहिल्याच्या याद्या टाकायच्या संकेतस्थळावर, अशा नोंदी आपोआप बाजूला निघतात, कारण तिथे प्रत्येक प्रदेशासाठी जातीनुसार आणि महिन्यानुसार कमाल संख्या ठरवलेली असते. ती ओलांडली की नोंद त्या भागाच्या स्वयंसेवक तपासनिसापुढे येते. तपासणी पूर्ण होईपर्यंत ती पाहणाऱ्याच्या स्वतःच्या यादीत राहते, पण सार्वजनिक नकाशावर दिसत नाही.

कोल्हापूर जिल्ह्याच्या नोंदी तपासायला बसणाऱ्याने एक गोष्ट आधी मनाशी पक्की करावी. आपण माणसाची परीक्षा घेत नाही, पुराव्याची घेतो. 'अनिश्चित' या शेऱ्याचा अर्थ एवढाच, की जे लिहून, टिपून किंवा रेकॉर्ड करून दिलं आहे त्यातून त्याहून जास्त शक्य असलेला दुसरा पक्षी बाद होत नाही. वीस वर्षं पक्षी पाहणाऱ्याची नोंदही अनिश्चित राहू शकते आणि दहावीतल्या मुलीची पहिलीच नोंद निर्विवाद ठरू शकते.

आधी यादी बघा, पक्षी नंतर

निम्म्याहून जास्त गोंधळ पक्षी ओळखण्यातला नसतोच, तो यादी भरण्यातला असतो. म्हणून फोटो उघडण्याआधी ठिकाण, अंतर, वेळ आणि जातीचं नाव या चार गोष्टी बघून घ्याव्यात.

ठिकाणाचा घोटाळा आपल्याकडे नेहमीचा आहे. कोल्हापुरातून पहाटे निघायचं, राधानगरीला चहा घ्यायचा, दाजीपूरला जाऊन संध्याकाळी परत यायचं आणि हे सगळं एकाच यादीत, शहराच्या खुणेवर टाकायचं. मग निलगिरी रानपारवा आणि मलबारी राखी धनेश नकाशावर थेट कळंबा तलावावर येऊन बसतात. यादीचं अंतर सत्तर-ऐंशी किलोमीटर दिसलं की पक्ष्याबद्दल काही विचारू नये. यादीचे तुकडे पाडून प्रत्येक तुकडा त्याच्या ठिकाणी टाकायला सांगावं. दूरचा प्रवास केला असेल तर पाच-सहा किलोमीटरांना एक यादी हे प्रमाण चांगलं.

नावाचा घोटाळा त्याहून साधा. इंग्रजी यादीत 'ब्लॅक काइट' आणि 'ब्लॅक-विंग्ड काइट' शेजारी येतात, आणि बोट घसरलं की घारीच्या जागी कापशी पडते. एका ठिकाणी चाळीस कापशी दिसल्या असं वाचलं की त्या घारी आहेत हे ओळखावं आणि तसं विचारावं. आकड्यातलं जास्तीचं शून्यही इथलंच. मात्र मोठा आकडा म्हणजे चूक असं धरून चालू नये. हिवाळ्यात ज्वारीच्या रानावर उतरणाऱ्या आणि संध्याकाळी एकत्र रातथाऱ्याला जाणाऱ्या भोरड्या हजारांत असतात. तिथे आकड्यापेक्षा मोजण्याची पद्धत विचारावी: पन्नासाचा एक गठ्ठा नजरेने मोजून असे किती गठ्ठे बसले ते पाहिलं, की थव्याचा फोटो काढून घरी मोजलं? दोन्ही चालतात. 'खूप होते म्हणून हजार लिहिले' हे चालत नाही.

फोटोची तारीख यादीच्या तारखेशी जुळवून बघा. कॅमेऱ्याची बॅटरी संपून पुन्हा भरली की काही कॅमेऱ्यांचं घड्याळ मागे जातं आणि नोव्हेंबरातला पक्षी जानेवारीत उडू लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि त्यातली तारीख-वेळेची माहिती पुसली जाते. म्हणून मूळ फाइल 'डॉक्युमेंट' म्हणून किंवा ईमेलने मागवावी, आणि ती न कापलेली हवी. मागचं झाड, तार, पाणी यांवरून पक्ष्याचा आकार आणि अधिवास दोन्ही कळतात.

विचारायचं कसं

प्रश्नात उत्तर देऊ नका. 'पाय केशरी होते ना?' असं विचारलं की 'हो' हेच उत्तर येतं, आणि ते खोटेपणाने येत नाही. स्मृती अशीच चालते. असं लिहावं:

'नमस्कार ताई, १२ जानेवारीच्या तुमच्या यादीत अमूर ससाणा आहे. पक्षी अंदाजे किती अंतरावर होता, बसलेला होता की उडताना दिसला, पायांचा आणि चोचीच्या बुडाचा रंग दिसला का, आठवेल तसं लिहाल का? फोटो पुसट असला तरी पाठवा.'

उत्तर लवकर मागवावं. आठवडाभरातलं वर्णन आणि दोन महिन्यांनंतरचं वर्णन यांना एकच वजन देता येत नाही, कारण मधल्या काळात माणसाने पुस्तकातलं चित्र दहादा पाहिलेलं असतं. असं पुस्तकी वर्णन ओळखायची खूण म्हणजे त्यात सगळं असतं: चोचीपासून शेपटीपर्यंत प्रत्येक रंग, अगदी दोनशे मीटरवरच्या उडत्या पक्ष्याचासुद्धा. खऱ्या वर्णनात गाळलेल्या जागा असतात. 'पोट दिसलं नाही, उजेड समोरून होता' असं वाक्य दिसलं की त्या नोंदीवर विश्वास वाढतो.

पुरावा: एका चंडोलाचं उदाहरण

पन्हाळ्यापलीकडच्या जांभ्याच्या पठारांवर मलबारी चंडोल सहज दिसतो. पूर्वेकडे, दख्खनच्या कोरड्या माळांवर, साइक्सचा चंडोल आहे. कर्नल साइक्सने १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांबरोबर त्याचं वर्णन केलं. कोल्हापूर जिल्हा या दोघांच्या सीमेवर पडतो. त्यामुळे इथली प्रत्येक चांगली नोंद मोलाची आहे आणि प्रत्येक सैल नोंद नुकसान करणारी.

दोघांनाही तुरा आहे, दोघेही मातकट. फरक छातीत आहे. मलबारी चंडोलाच्या छातीवर ठळक, गडद, दाट रेघा असतात. साइक्सच्या चंडोलाची छाती आणि पोट तांबूस असतं आणि छातीवरच्या रेघा बारीक व मोजक्या. ऐकायला सोपं वाटतं, पण फोटोत दोन गोष्टी घात करतात. उजेड जास्त झाला की बारीक रेघा जळून जातात आणि मलबारी चंडोल 'कमी रेघांचा' दिसू लागतो. संध्याकाळच्या पिवळ्या उन्हात कुठलंही पोट तांबूस दिसतं. म्हणून एका फोटोवर निर्णय देऊ नये. समोरून छातीचा एक, बाजूने एक, आणि शक्यतो सकाळी आठ-नऊच्या उजेडातला एक, असे तीन फोटो मागावेत. त्याच फोटोत पांढरा दगड किंवा वाळलेलं गवत असेल तर त्याच्या रंगावरून रंगाची छटा किती सरकली आहे याचा अंदाज घ्यावा. पिसं झिजलेली आहेत का तेही बघावं. झिजलेल्या पिसांवर रेघांच्या कडा बोथट होतात.

एवढं करूनही छाती दिसत नसेल, तर 'चंडोल, जात अनिश्चित' हीच बरोबर नोंद. पाहणाऱ्याला तसं बदलायला सांगण्यात कमीपणा नाही, आणि तसं प्रेमाने समजावून सांगावं. यादीत जातीच्या वरचे असे पर्याय याचसाठी ठेवलेले असतात.

हीच शिस्त माळावरच्या भोवत्यांना, म्हणजे हॅरियर या शिकारी पक्ष्यांना, लावावी. मोंटेग्यूचा आणि पांढुरका भोवत्या यांच्या माद्या व पिल्लं लांबून सारखीच तपकिरी दिसतात. पहिल्या वर्षाच्या पांढुरक्या भोवत्याला मानेभोवती फिकट कडं असतं आणि त्यामागे गडद पट्टा. हे नीट न दिसणाऱ्या फोटोवर जातीचं नाव घालू नये.

रंगांबद्दल एक वेगळी सूचना. सावर आणि पळस फुलल्यावर बुलबुल, कोतवाल, चष्मेवाला यांचं तोंड परागाने पिवळं किंवा केशरी होतं आणि 'अनोळखी' पक्ष्यांच्या नोंदी येऊ लागतात. रंग फक्त कपाळ, गळा आणि चोचीच्या बुडाशी असेल आणि बाकी सगळं साध्या बुलबुलाचं असेल, तर तो बुलबुलच. तसंच पांढरी पिसं आलेला कावळा किंवा साळुंकी ही नवी जात नव्हे.

आवाजाच्या नोंदींना दाजीपूर आणि आंबा घाटात खास सावधगिरी लागते, कारण तिथे भृंगराज, म्हणजे लांब शेपटीचा कोतवाल, आहे. तो शिक्रा आणि सर्पगरुड यांच्यासह अनेकांची हुबेहूब नक्कल करतो. रेकॉर्डिंग दहा सेकंदांचं असेल तर काहीच ठरवता येत नाही. किमान एक-दोन मिनिटं सलग रेकॉर्डिंग मागावं, पूर्ण ऐकावं, आणि एकाच झाडातून थोड्या वेळात चार जातींचे आवाज येत असतील तर तो भृंगराज समजावा. आवाजावरून पक्षी सुचवणाऱ्या मर्लिन ॲपने नाव दाखवलं हा पुरावा नाही, ती फक्त सूचना आहे. नक्कल आणि अस्सल यांत ॲप फसतं. पुरावा म्हणजे ती ध्वनिफीत.

वटवट्यांच्या बाबतीत मात्र आवाज हाच निर्णायक. हिवाळ्यात सह्याद्रीत हिरवट आणि हिरवा असे दोन जवळचे पर्णवटवटे येतात. पहिल्याची हाक दोन तुकड्यांची, दुसऱ्याची तीन तुकड्यांची. फोटो कितीही सुंदर असला तरी हाकेशिवाय या दोघांत निवड करू नये. आणि हाक मिळवण्यासाठी रानात रेकॉर्डिंग वाजवायला कधीही सांगू नये.

जिल्ह्याबाहेर बघा

इथल्या एका टिंबाचा अर्थ आशियाच्या नकाशावर लावावा लागतो. आधी शेजार बघायचा: सांगली, बेळगाव, सिंधुदुर्ग, रत्नागिरी, गोवा. मग पश्चिम घाटाची पूर्ण रांग, मग पक्ष्याचा प्रवासमार्ग. महिनावार आलेख उघडून पक्षी कुठल्या आठवड्यात कुठे असतो ते पाहायचं.

अमूर ससाण्याचं उदाहरण घ्या. तो रशियाच्या आग्नेय टोकाकडून आणि उत्तर चीनमधून निघतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरात नागालँडात लाखांनी उतरतो, भारत ओलांडून अरबी समुद्रावरून आफ्रिकेच्या दक्षिणेला जातो. २०१३ साली नागालँडात उपग्रह-टॅग लावलेल्या पक्ष्यांनी हा मार्ग स्पष्ट दाखवला. म्हणजे कोल्हापुरावर नोव्हेंबरच्या अखेरीस अमूर ससाणा अगदी शक्य आहे, आणि १२ जानेवारीला त्याच पक्ष्यासाठी पायांचा रंग दिसेल असा फोटो हवा. तेव्हा खरुची म्हणजे साध्या केस्ट्रेलची शक्यता कितीतरी जास्त. युरोपीय नीलपंखाचंही तसंच: पावसाळा सरताना तो पश्चिम भारतातून जातो, पण डिसेंबरात आपल्या तारेवर बसलेला नीलपंख बहुतेक आपलाच असतो.

हवामानही पुरावा आहे. कोल्हापूर किनाऱ्यापासून सरळ रेषेत शंभरेक किलोमीटर आहे. मे २०२१ मधल्या तौक्तेसारखं वादळ किनाऱ्याजवळून गेलं, तर पुढचे दोन-तीन दिवस तलावांवर समुद्रपक्षी सापडणं शक्य असतं. अशा नोंदी नेहमीपेक्षा मोकळ्या मनाने आणि लगेच तपासाव्यात. पक्षी दुसऱ्या दिवशी तिथे नसतो.

पायात कडं किंवा मानेत पट्टा असेल तर तो क्रमांक हा सर्वात मोठा पुरावा. मंगोलियात मानेला पट्टा लावलेले पट्टकादंब (डोक्यावर पट्टे असलेले हंस) भारतात सापडलेले आहेत. रंग, अक्षरं, कुठल्या पायात, वर की खाली, सगळं लिहून घ्यावं आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीला कळवावं.

पिंजऱ्यातून सुटलेला पक्षी ही वेगळी शक्यता. झिजलेली शेपटी, कापलेली पिसं, माणसाजवळ न घाबरता येणं, आणि ज्या जातीचा इथे येण्याचा मार्गच नाही तिचं शहरात दिसणं, या खुणा. युरोपातल्या दुर्मीळ नोंदींच्या समित्या यासाठी A ते E अशा पाच गटांची प्रतवारी वापरतात: रानटी, जुन्या काळी रानटी, माणसाने आणून रुजलेली, रानटीपणाबद्दल शंका असलेली, आणि सुटलेली. सुटलेला पक्षीही नोंदवायचाच, फक्त त्याच्या गटात.

निर्णय लिहिताना

शेरा दोन ओळींचा असावा आणि त्यात कारण असावं: 'छाती दिसत नाही, मलबारी चंडोल बाद होत नाही' हे पुरे. 'शक्य नाही' असं लिहू नये. एकट्याने निर्णय घेण्यासारखी नोंद नसेल, म्हणजे जिल्ह्यासाठी पहिली किंवा सगळ्या राज्यासाठी दुर्मीळ असेल, तर ती जात नेहमी पाहणाऱ्या दोघांकडे वेगवेगळी पाठवावी, आणि एकाचं मत दुसऱ्याला आधी सांगू नये.

कडकपणा आणि मोकळेपणा दोन्ही का लागतात याचा धडा महाराष्ट्रातच आहे. रानपिंगळा हे लहान घुबड नामशेष झालं असं मानलं जात होतं. त्याचा एक नमुना १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ मिळवल्याचं रिचर्ड माइनर्ट्झहागेन या नामांकित ब्रिटिश पक्षीतज्ज्ञाने लिहून ठेवलं होतं. नंतर सिद्ध झालं, की तो जेम्स डेव्हिडसन या जुन्या संग्राहकाने १८८० च्या दशकात खानदेशात मिळवलेला चोरलेला नमुना होता. खोटी नोंद बाजूला ठेवून अस्सल जुन्या नमुन्यांच्या ठिकाणांकडे वळल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पक्षी पुन्हा सापडला. संग्रहालयातला नमुना आणि मोठं नाव असलं तरी ठिकाण आणि तारीख तपासावी लागते, ते यासाठी.

नाकारलेली नोंद पुसू नका, पाहणाऱ्यालाही पुसायला लावू नका. फोटो, पत्रव्यवहार आणि शेरा एकत्र ठेवा. जातींची फोड होते, म्हणजे एका जातीच्या दोन जाती ठरतात, तेव्हा जुन्या फाइली पुन्हा उघडाव्या लागतात. आज 'चंडोल, जात अनिश्चित' म्हणून ठेवलेल्या नोंदीतला छातीचा फोटो उद्या कुणी नीट वाचू शकेल. वर्षातून एकदा, पावसाळ्यात रानं बंद असताना, अशा सगळ्या अनिश्चित नोंदी पहिल्यापासून पुन्हा बघाव्यात आणि निर्णय बदलला तर पाहणाऱ्याला स्वतःहून कळवावं.